लच्छूनं वाटलेली मोहफुलं

गडचांदूर, एप्रिल ८६

वच्छला,

अजूनही तू लच्छूले घरातच कोंडून ठेवून राह्यली, असं आपल्या गावच्या पत्रूनं इथी येऊन सांगितलं. काऊन? विकाले वेचलेली मोहफुलं त्यानं दुसऱ्या पोराइच्या टोपलीत ओतली म्हणून? "आपली टोपली कोणती अन् लोकाइची कोणती, आठ वर्षाच्या पोराले एवढंही समजत नाई," म्हणून तू रडली म्हणे. नाई समजत. त्याची बुद्धी हळू चालते, हे डॉक्टरनं सांगितलंच होतं. दिवसभर खदानीत दगड भरून मी थकतो, अन् ह्याच गोष्टीवर तुह्याशी भांडूनही थकलो.

पण पत्रू आणखी एक बोलला, जे तू कळवलं नाई. रोज पहाटे पोरं आपल्या दारापुढं हाका मारतात, "ये लच्छू, चाल ना मोह वेचाले!" आजवर त्याले चिडवाले सोडून कोणी हाक मारली होती का?

फुलासाठी बोलावत असतील, तर बोलावू दे. जाऊ दे त्याले.

तुले पत्र गुरुजी वाचून दाखवतात, अन् आपलं भांडण साऱ्या गावाले समजते. म्हणून हे माह्यापाशीच ठेवतो. मनीऑर्डरच्या कूपनवर एवढंच लिहीन: लच्छूनं वाटलेल्या फुलाइचे, वीस रुपये.

लच्छूचा बाप,
हरिदास