सिरिसोमची डहाळी

दोरणगोड,
११ एप्रिल

चि. निरंजला हिस,

त्रिरत्नांचे शरण तुला अखंड लाभो. तुझे पत्र परवा पोहोचले. ज्या वृद्धेची तू तेथे सेवा करतेस तिच्या गुडघ्यांविषयी चार ओळी आणि स्वतःच्या गुडघ्यांविषयी अर्धी, ही तुझ्या वडिलांची पद्धत झाली. पुढील पत्रात स्वतःविषयी निदान दोन पूर्ण वाक्ये लिहावीस.

येथे सिंहली नववर्षाची तयारी चालू आहे. तुझ्या आईने काल गुळाचे कवुम तळले आणि पहिली परडी माझ्याकडे पाठवली. दुपारनंतर पाऊस येतो. अंगणात जळवा झाल्या आहेत. मी पक्षी पाहणाऱ्या पाहुण्यांना रानात नेणे पूर्णपणे बंद केले आहे. शहरातील प्रवासी कंपनीने दोन वेळा माणूस पाठवला, मी नकार दिला.

जूनमधील सिरिसोमच्या वर्षश्राद्धाच्या दानासाठी तू येत आहेस हे वाचून बरे वाटले. तत्पूर्वी 'बाबांना त्या दिवशी नेमकं काय झालं ते एकदा सविस्तर लिहा' अशी तुझी मागणी आहे. पोलिसांना दिलेल्या जबानीत सर्व आले आहेच, तथापि लिहितो.

हॉलंडचे एक जोडपे पावसाळ्यातच मुद्दाम आले होते. त्यांना पंडुवन घुबड पाहावयाचे होते. ते ओंजळीत मावेल एवढे असते आणि दिवसा वेताच्या जाळीत वाळक्या पानासारखे बसून राहते. आमची कामाची रीत तुला ठाऊक आहे. सिरिसोम पुढे जाऊन पक्षी शोधी. मी पाहुण्यांपाशी थांबून इंग्रजीत माहिती देई. त्या दिवशी तो स्वतःहून ओढा ओलांडून घुबड पाहावयास गेला. पाणी वाढले. आम्ही दीड तास वाट पाहिली आणि खालच्या वाटेने परतलो. तो पलीकडच्या डोंगरावरून तुझ्या मामाच्या गावी उतरेल, असे मी गृहीत धरले.

आठ वर्षे परदेशी राहिल्यामुळे तू विसरली असशील, म्हणून येथील रिवाज सांगतो. रानात शिरताना प्रत्येकाने नागकेसराखालच्या वेलीवर रानाच्या राखणदार समन देवासाठी एक हिरवी डहाळी अडकवावयाची. बाहेर पडताना ज्याची त्याने काढावयाची. दुसऱ्याच्या डहाळीला हात लावावयाचा नाही. संध्याकाळी चौकीदार वेल पाहतो. वेल रिकामी, म्हणजे रान रिकामे. त्या दिवशी वारा फार होता. सिरिसोमची डहाळी पडली असावी. चौकीदार विजेपालने रिकामी वेल पाहून फाटकाला साखळी लावली आणि तो घरी गेला. नोंदवहीतील माणसे मोजणे हे त्याचे कर्तव्य होते. तिसऱ्या दिवशी सिरिसोम सापडला.

यात अधिक काही नाही.

तुझे मोठे बाबा,
पंडित ई. पियतिलक
निवृत्त मुख्याध्यापक


दोरणगोड,
२ मे

चि. निरंजला,

तुझे उत्तर येण्यापूर्वीच लिहितो आहे. पाठवण्याआधी मागील पत्र मी दोनदा वाचले होते, तरीही त्यात एक चुकीचे विधान राहिले. ते दुरुस्त करणे माझे काम आहे.

सिरिसोम स्वतःहून गेला नाही. मी त्याला पाठवले.

ओढ्याच्या काठी तो थांबला. "दादा, पाण्याचा रंग बघा. वर कुठंतरी दरड आलीय. चला मागं, घुबड काय पळून जात नाही."

पाहुण्यांचा तो शेवटचा दिवस होता. घुबडाची जागा मी आदल्या दिवशी हेरून ठेवली आहे, असे मी त्यांना सांगून बसलो होतो. जागा वास्तविक सिरिसोमने हेरली होती. मी म्हणालो, "तुला कुणी विचारलं? तुझं काम शोधायचं. शोध."

तो रागावला असता तर बरे झाले असते. त्याने सारोंग वर खोचले आणि हसला. "बरं बाबा, तुमचं घुबड मी बघून येतो. दिसलं तर इंग्रजीत आनंद तेवढा तुम्हीच करा."

पाहुण्या बाईंनी विचारले, "काय म्हणाला?" मी उत्तर दिले, "जागा जवळच आहे, म्हणतो."

डहाळीविषयी लिहिले आहे ते तसेच असू दे.

तुझे मोठे बाबा,
ई. पियतिलक


दोरणगोड,
२३ मे

निरंजला,

तुझे पत्र आले. ओढ्याच्या प्रसंगावर तू लिहिलेस, 'मोठे बाबा, तुम्ही त्याला पाठवलंत म्हणून स्वतःला खात बसू नका. बाबा पाण्याला कधी भ्यायचे नाहीत. दोष त्या विजेपालचा.' मी पत्राची घडी घातली आणि ती पुन्हा उघडू शकलो नाही. म्हणून आता जे लिहावयाचे ते क्रमाने लिहितो.

आम्ही चार वाजता नागकेसरापाशी आलो. पाऊस पडत होता, वारा नव्हता. वेलीवर चार डहाळ्या होत्या. पाहुण्यांनी आपापल्या काढल्या. मी माझी काढली. चौथी लोंबत राहिली.

सकाळी चौकीवर दरडींच्या इशाऱ्याची पाटी लागली होती आणि विजेपाल आम्हाला आत सोडावयास तयार नव्हता. "मास्तर, वरून हुकूम आहे. माझी भाकरी आहे ती." मी त्याला दोनच्या आत बाहेर पडण्याचा शब्द दिला होता. चौथी डहाळी त्याने पाहिली असती, तर गावातील माणसे गोळा झाली असती, वरच्या कचेरीत बातमी गेली असती आणि पाटी डावलून पाहुणे आत नेणारा पंडित पियतिलक पुन्हा कधी रानात शिरला नसता. त्या माणसांसमोर मला हेही सांगावे लागले असते, की धाकटा भाऊ परत फिरा म्हणत होता.

सिरिसोम डोंगरावरून उतरला असेल, असे मी मनाशी म्हटले. ते मला खरे वाटत होते काय, हे मी वर्षभर स्वतःला विचारतो आहे. बहुधा नाही. मी त्याची डहाळी काढली आणि छत्रीच्या आत धरली.

चौकीतून विजेपालने हाक दिली. त्याच्या हातात चहाचा पेला होता. "मास्तर, सगळे आले ना?"

मी म्हणालो, "वेल बघ."

त्याने दारातून मान बाहेर काढून पाहिले. "रिकामी आहे. मग ठीक. चहा घेता?"

मी चहा घेतला.

'सगळे आले' असे मी म्हणालो नाही. या एका गोष्टीच्या आधारावर मी पोलिसांपुढे बसलो, शवागाराबाहेर बसलो, सातव्या दिवशी भिक्खूंच्या बणाला, प्रवचनाला, बसलो. विजेपाल जबानीत वारंवार सांगत होता, "मास्तरच म्हणाले, वेल बघ." फौजदाराने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "त्या दिवशी वारा बराच होता." एवढेच. पुढे त्याच्याविरुद्धची तक्रार तू तिकडून सही करून पाठवलीस. तिचा मसुदा मी केला होता. त्यात एकही शब्द अनावश्यक नव्हता. एका महिन्यात त्याची नोकरी गेली.

डॉक्टरांच्या अहवालाची प्रत माझ्याकडे आहे. तुम्हा मायलेकींना मी ती दाखवली नाही. मांडीचे हाड मोडले होते. डोक्याला इजा नव्हती. मृत्यू दुसऱ्या दिवशी दुपारनंतर केव्हातरी आला. तो जेथे सापडला ती जागा चौकीपासून दोन हाकांच्या अंतरावर आहे. त्या संध्याकाळी माणसे गेली असती, तर तो आज लंगडत का होईना चालला असता.

मागील आठवड्यात मी विजेपालकडे गेलो. तो हल्ली लोकांच्या मळ्यात दालचिनी सोलावयास जातो. मला पाहून त्याने हातातली सुरी खाली ठेवली नाही.

"या मास्तर. माझ्या पोरीची मोडलेली सोयरीक जोडायला आलात?"

मी त्याला सर्व सांगितले. तो काड्या सोलत राहिला. शेवटी म्हणाला, "हे मला नवीन आहे होय? मी त्याच संध्याकाळी छत्रीबाहेर आलेली पानं बघितली होती. वाटलं, डहाळी तुमचीच असेल. तिसऱ्या दिवशी कळलं."

"मग तू बोलला का नाहीस?"

"बोललो की! फौजदार हसला. म्हणाला, पंडितांवर आळ घेतोस? अर्ध्या तालुक्याला त्यांनी अक्षरं शिकवलीत." मग तो म्हणाला, "आता तुम्ही सांगाल तर लोक म्हणतील, म्हातारा भ्रमिष्ट झाला आणि विजेपालनं त्याच्याकडून लिहून घेतलं. जा घरी. पाऊस यायला लागलाय."

तरीही मी जबानी बदलावयास ठाण्यावर गेलो. नवा हवालदार माझा विद्यार्थी निघाला. त्याने खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि सर्व ऐकून म्हणाला, "सर, फाइल बंद झालीय. तुमचं वय झालंय, दुःख मोठं आहे, असं होतं माणसाला. रिक्षा बोलावू?" मी लिहून नेलेला कागद त्याने वाचला, अक्षराची स्तुती केली आणि परत दिला. बाहेरपर्यंत पोहोचवताना एवढेच म्हणाला, की तक्रार करणाऱ्यानेच तक्रार मागे घेतली, तर कचेरीला कागद निदान उघडावा लागतो.

तुझ्या आईला मी आज सकाळी सांगितले. ती नारळ खोवत होती. तिने एकच प्रश्न विचारला.

"किती वाजता?"

"चार."

"चारला उजेड असतो," ती म्हणाली. मग खोवणी उचलून ती आत गेली आणि तिने दार लावून घेतले. अद्याप उघडलेले नाही.

दानाच्या दिवशी भिक्खूंसमोर माझे आसन मांडू नये. मीही येणार नाही.

सोबत दोन कागद आहेत. एक माझे कबुलीपत्र. दुसरा तुझ्या नावाचा, तुझी तक्रार खोट्या माहितीवर आधारलेली होती आणि ती माहिती मी दिली, असे सांगणारा. त्याखाली तुझी सही लागेल. विजेपालला नोकरी परत मिळेल, असे मला वाटत नाही. त्याचे वय उलटले आहे आणि कचेरीत कोणालाही हे प्रकरण पुन्हा नको आहे. त्याच्या मुलीचे जे झाले तेही परत फिरणार नाही. हे सर्व जाणून मी हा कागद पाठवतो आहे. माझ्या शब्दावर तू एकदा न वाचता सही केलीस. या वेळी प्रत्येक ओळ वाच. मजकुरात काही सौम्य वाटले, तर ते खोडून तुझ्या शब्दांत लिही. माझ्या भाषेची भीड बाळगू नकोस.

क्षमेसाठी या कागदावर जागा ठेवलेली नाही. ती मी मागत नाही. सही मागतो आहे, तीही विजेपालसाठी.

सिरिसोमचा थोरला भाऊ,
पियतिलक