कडू पाणी

तकोआ,
किसलेव महिन्याचा चौथा दिवस

प्रिय बाबा,

येमीमाचा नमस्कार. डोळे कसे आहेत? मंदिरातल्या त्या कोठडीत धुरकट दिव्यापाशी लिहीत बसू नका म्हटलं, तर तुम्ही थोडेच ऐकणार.

इकडे जैतून उतरवून झाले. तेल बरं निघालं. गाढवी व्यायली. सासूबाई आताशा मला पाण्याचा घडा उचलू देत नाहीत. तिसरा महिना लागलाय, बाबा. शेजारणी येऊन पोटाला हात लावून जातात. "देवानं साक्ष दिलेली बाई" म्हणतात. परवा सासूबाई अज्गादला म्हणाल्या, "बघ रे, तुझ्या संशयाला आता बाळानंच उत्तर दिलंय." तो हसला. मीही हसले असेन.

त्या दिवसाबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. मीच सांगते.

ऊन भाजत होतं म्हणून गावातला तो रंगारी आमच्या घाण्याच्या खोपीत टेकला, आणि मी तिथंच झाडत होते. एवढंच. पण त्याच्याशी बोलू नकोस असं अज्गादनं आधी बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी अज्गादनं अर्पणासाठी जवाचं पीठ बांधून घेतलं आणि मला यरुशलेमला, तुमच्या मंदिरात आणलं.

याजकानं माझे केस मोकळे केले, ओंजळीत ते पीठ दिलं, जमिनीवरची धूळ भांड्यातल्या पाण्यात टाकली. शाप म्हणून दाखवले: परपुरुषाकडे गेली असेल तर या पाण्यानं पोट फुगेल, मांडी झडेल; खरी असेल तर कूस उजवेल. मी 'आमेन, आमेन' म्हटलं. मी घाबरले नव्हते. शास्त्राचे शब्द धुऊन मला पाजणार, त्यात देवाचं चार अक्षरांचं नाव असणार. ते पोटात उतरेल आणि माझी बाजू सांगेल, असं मला वाटत होतं.

"पी, पोरी," याजक म्हणाला. "खरी असशील तर नुसतं पाणीच आहे."

तो शाप लिहिलेलं कातडं पाण्यात बुडवत होता तेव्हा मला अक्षर दिसलं. तुमचं. लामेद अक्षराची मान तशी दुसरं कुणी वाकवत नाही. मला लिहायला शिकवताना तशीच गिरवून घेतली होतीत. केवढा धीर आला, बाबा.

मग कोरी जागा दिसली. जिथं देवाचं नाव हवं, तिथं. शापात ते दोनदा येतं, दोन्ही ठिकाणी. याजकाला सगळं पाठ, तो बघतच नव्हता. आणि बाईला वाचता येत असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

एक अक्षर चुकलं तर अख्खं कातडं पुरायला लावणारे तुम्ही. तुम्ही विसरला नाहीत. कुणासाठी लिहिताय ते तुम्हाला कळलं होतं. माझं पोट फुगू नये, मांडी झडू नये, म्हणून नाव गाळलंत. म्हणजे मला ते पाणी पचणार नाही, असं वाटलं तुम्हाला.

एकदा विचारलं असतंत.

गाव मला मान देतं. अज्गाद प्रेमानं वागतो. पण त्या पाण्यात साक्षीदारच नव्हता, हे तुम्हाला ठाऊक आणि मला. पाणी प्यायला भांडं तोंडाशी नेलं की तळाशी ती कोरी जागा दिसते. कुठल्याही भांड्यात.

तेलवाल्या हत्तीलबरोबर हे धाडते. शेवटी आशीर्वाद लिहावा, असं तुम्हीच शिकवलंत.

. . . . . . तुमच्या डोळ्यांना उजेड देवो आणि तुम्हाला सांभाळो.

नावाची जागा मी मोकळी सोडली आहे. मी खरी वाटत असेन तर ती तुमच्या हातानं भरा आणि हे कातडं परत पाठवा. वाटत नसेन तर पाठवू नका.

वाट पाहणारी,
तुमची येमीमा