फळ्यावरचा बाण

१८ सप्टेंबर, संध्याकाळ

लई थकलो आज. काल मुक्तिदिनाचं झेंडावंदन झालं, म्हणून सातवीला पोलिस ॲक्शन, म्हणजे अठ्ठेचाळीस साली संस्थान भारतात आणणारी फौजेची कारवाई, शिकवायला घेतली. नेहमीसारखा फळ्यावर बाण काढला: फौज इकडून शहरात आली.

नसरीन उठली. "सर, बाण तर आमच्या गावावरूनच गेला. मग तिथं काय झालं?"

"ते परीक्षेला नाही, बस खाली." हे काय उत्तर झालं?

फळा पुसायची पाळी तिचीच होती. तिनं बाण पुसला आणि तिथं एक ठिपका काढला, खाली गावाचं नाव.

लढाया शिकवायलाच पाहिजेत. पण इतकी वर्षं मी नुसते बाणच काढले. उद्या तिलाच विचारीन, तिथं काय झालं?