पुस्तक एकच घ्या, पण क्रुमला आत घ्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
सार्वजनिक वाचनगृह, गोर्ना रेका.

विषय : कथाखेळासाठी सहाऐवजी एकच पुस्तक घेणे व श्री. क्रुम यांच्यावरील बंदी उठविणेबाबत.
संदर्भ : सहा प्रती मंजूर करणारे आपले पत्र.

महोदय,

मी आपल्या तळघरात दर गुरुवारी चालणाऱ्या कथाखेळाची निवेदक. मी एका नगरीची गोष्ट सांगते, चौघे खेळाडू आपापल्या वीराच्या वतीने बोलतात, पुढचे फासे ठरवितात. कोणत्या पुलाखाली मारेकरी दबा धरून आहेत, ही माहिती नगरीच्या पुस्तकात असते व ती फक्त निवेदकाने वाचावयाची असते. सबब मी एकच प्रत मागितली होती. आपण कोणावर अन्याय नको म्हणून माणशी एक दिलीत.

१. तिघांनी पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचले. वेल्डर श्री. क्रुम यांनी उघडलेही नाही. म्हणाले, "रालित्सा, तू सांगशील तेव्हाच मला कळू दे."

२. पुलापाशी येताच तिघांनी क्रुम यांच्या खेळातील वीरास, एका सरदारास, मोठ्या प्रेमाने पुढे घातले. मारेकऱ्यांनी त्याचे पोट फाडून आतडी कठड्यावर टाकली, मुंडके नदीत. अकरा वर्षे जगवलेला सरदार होता तो. हे सारे मलाच सांगावे लागले. त्यावर श्री. इवायलो खिदळले, "पुस्तक वाचायचं होतंस ना, गाढवा."

३. क्रुम यांनी इवायलो यांचे नाक टेबलावर आपटून फोडले, दुसऱ्याचा खांदा खुर्चीने मोडला, तिसऱ्यास जिन्यावर तुडविले. मी मध्ये पडले, तर जाडजूड पुस्तक तोंडावर बसून माझे दोन दात पडले. भिंतीवरील निम्मे डाग मिरच्यांच्या चटणीचे आहेत, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

४. आपण क्रुम यांना कायमची बंदी केलीत आणि पुढच्या नगरीच्या सहा प्रती मंजूर केल्यात, दोन राखीव. धन्य आहे! म्हणजे पुन्हा सगळ्यांना सगळे ठाऊक. आताच हे तिघे खेळाडू, मारेकरी दिसण्याआधी, त्यांचे गळे चिरतात आणि जांभया देतात. मला रडू येते.

५. क्रुम गुरुवारी बाहेर, तळघराच्या खिडकीशी थंडीत उकिडवे बसतात. मी मुद्दाम मोठ्याने सांगते. परवा दाराआडून खंजीर निघाला, तेव्हा आत कोणी हलले नाही. बाहेर कोणीतरी दचकून "अरे देवा" म्हणाले.

तरी पुस्तक एकच घ्यावे आणि त्यांना आत येऊ द्यावे. दात माझे पडले आहेत व माझी तक्रार नाही.

आपली नम्र,
रालित्सा कोएवा
दि. ९ फेब्रुवारी

सोबत : श्री. क्रुम यांची न उघडलेली प्रत. (दात जोडलेले नाहीत. ते त्यांनीच जिन्याखाली शोधून मला आणून दिले.)