गोजरबाईची भाकरी

आशागृह, भिगवण
१० जून १९९६

चि. शांतवन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. प्रभू तुम्हा तिघांना सांभाळो. वि. वि.

बाबांना माती देऊन सहा दिवस झाले. पोट बिघडले म्हणून तू न जेवताच बारामतीला परत गेलास. आता बरे आहे ना? लहानपणीही उपासना लांबली की तुझे पोट दुखायचे.

तू गेल्यावर जे झाले ते कळवते. कबरस्तानातून आल्यावर सगळे अंगणात बसलो. मी सकाळपासून उपाशी होते. गोजरबाईने ताट पुढे केले, मी भाकरी खाल्ली. बोटे झडलेल्या तळव्यांनी ती भाकरी थापते, ती मी जन्मभर खात आले. पण या वेळी घास तोंडात गेला तसे आपले एकोणीसही म्हातारे रोगी उठून उभे राहिले. दत्तोबांनी कुबडी टेकून मला सलाम केला. आशागृहाच्या कमिटीच्या सेक्रेटरींनी उपकाराची प्रार्थना केली. मला वाटले, बाबांसाठी आहे. दुसऱ्या दिवशी औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर होती. गोजरबाई मला पोरी म्हणायची, ती आता मोठ्या बाई म्हणते.

मला एक जुलैला सोलापूरच्या नर्सिंग स्कूलमध्ये हजर व्हायचे आहे. चार वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायू झाला म्हणून तिथली शिकवण्याची नोकरी सोडली होती. आता स्कूलने पुन्हा बोलावले. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिसऱ्यांदा कोणी बोलावणार नाही. संस्थेसाठी बाबांनी तुलाच तयार केले होते. तू ये, नाहीतर कमिटीशी बोल.

विजयाला आणि दिपालीला माझी आठवण सांग. लोभ आहेच, तो पत्राने कळव.

तुझी,
सुवार्ताताई


बारामती
१७ जून १९९६

ती. ताईस,
शांतवनचा सा. सलाम. वि. वि.

तुझे पत्र तीनदा वाचले. माझे पोट बिघडले नव्हते.

हे तुला घरात कोणी सांगितले नसेल, मला बाबांनी सांगितले होते. मिशनच्या मिससाहेबांनी महारोग्यांसाठी आशागृह काढले तेव्हा रोगी त्यांच्यावर विश्वास ठेवीनात. त्यांनी एका रोगी बाईच्या हातची भाकरी सगळ्यांसमोर खाल्ली, तेव्हा लोक राहिले. महायुद्धात त्या विलायतेला गेल्या त्या दिवशी त्यांचे कंपाउंडर, म्हणजे आपले आजोबा, यांनी तशीच खाल्ली. आजोबांच्या मातीनंतर बाबांनी खाल्ली. मोठा गेल्यावर घरातला जो पहिला खाईल तो पुढचा मोठा, असे ते लोक धरतात. कमिटीही तेच धरते.

म्हणून मी निघून गेलो. कंपनीत आता कुठे कायम झालोय, एमआयडीसीजवळ घर झालेय. विजया म्हणाली, की जेवायला बसाल तर मी माहेरी जाईन. तुला सांगायला हवे होते. बसस्टँडवर आलो तेव्हा वाटले, परत फिरावे. एसटी आली आणि मी चढलो.

कमिटीशी बोललो. ते म्हणतात, बाई गेल्या तर आशागृह बंद करू. आता गोळ्यांनी रोग बरा होतो, नवा रोगी येत नाही, परदेशातली मंडळीही पैसे पाठवायला उत्सुक नाहीत. एकोणिसांना जागा मिळेल तिथे वेगवेगळ्या ठिकाणी पाठवतील. तुझ्याइतके त्यांचे कोणी करणार नाही, हेही खरेच आहे ना? दिपाली आत्याकडे येते म्हणून हट्ट धरून बसली आहे. एखाद्या रविवारी घेऊन येऊ का?

रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
शांतवन


आशागृह, भिगवण
२५ जून १९९६

चि. शांतवन यास,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचले. उत्तराला उशीर झाला, कारण आधी इथल्यांशी बोलायचे होते.

परवा सगळ्यांना अंगणात बसवून खरे सांगितले. मला भूक लागली होती, या खाण्याचा अर्थ ठाऊक नव्हता, म्हणून ते धरू नका. कोणी रागावले नाही. गोजरबाई म्हणाली, की भूक लागल्याबिगर कुनी खातंय व्हय. दत्तोबा तर हसायलाच लागले. ते म्हणाले, की तुमच्या बाबांनाबी कुठं ठावं व्हतं? दौंडला रेल्वेत नोकरीची आर्डर खिशात घिऊन आलं व्हतं, आज्याच्या मातीपुरतं. गाडीचा उपास, त्यात भाकरीसंगं कोरड्यास झक्कास झालं व्हतं. दोन भाकरी खाऊन तिसरी मागितली, मंग कुनीतरी सांगितलं. तवापासनं त्यांनी कोरड्यासाला कदी चांगलं म्हटलं न्हाय.

बाबांनी रेल्वेचे नाव आपल्यासमोर कधी काढले नाही. उजनीचे पाणी चढले तेव्हा जुन्या जागेवरून एकेका रोग्याला बैलगाडीत घालून त्यांनी या माळावर आणले, ते आपण पाहिले. त्यांना जायचे होते, हे मला त्यांच्या मरणानंतर कळते आहे. चार वर्षे मी त्यांना भरवत होते. ते कधीकधी माझ्याकडे बघून रडायचे. मी आजारामुळे समजायची.

मग मी विचारले, की आशागृह बंद झाले तर कोण कुठे जाईल. दत्तोबांचा पुतण्या सणसरला आहे, तो अंगणातही उभे करत नाही. गोजरबाईचे गाव पाण्याखाली आहे. बाकीच्यांचेही असेच काहीतरी.

काल सोलापूरला नकार कळवला. तू भले म्हणू नकोस, वाईटही म्हणू नकोस. तुझ्यावर राग आहे, तो जाईल तेव्हा जाईल.

दिपालीला येत्या रविवारी जरूर आण. चौदा वर्षांची झाली, तिला कोणीतरी हे सगळे सांगायला हवे. माझ्यानंतर कोणाच्याही पुढे ताट करण्याआधी त्याला नीट समजावून विचारायचे, असे मी या लोकांकडून कबूल करून घेतले. सगळे हो म्हणाले. फक्त दत्तोबा म्हणाले, की मोठ्या बाई, इच्यारल्यावर कोन खाईल वो?

याचे उत्तर तुला सुचले तर रविवारी सांग.

माया आहे तशीच आहे.

तुझी,
सुवार्ताताई