तुयाराच्या रेघेखालचं लाल

२ एप्रिल
टिक्सी बंदराहून किनाऱ्यावरच्या संशोधन तळावर पोचले. काय लखलखीत दिवस! समुद्र घट्ट गोठलेला. तळावर स्वयंपाक करणाऱ्या मोतुरुओना मावशींनी दारातच दुधाचा चहा हातात दिला, मग गोठल्या माशाचे काप मीठमिरीत बुडवून पोटभर खायला घातले. काम मनासारखं आहे. बर्फाला भोकं पाडून केबल सोडायची, वीज खेळवायची आणि समुद्रतळाखालची जमीन कुठवर गोठलेली आहे त्याचं चित्र काढायचं. गोठलेलं निळं, वितळलेलं लाल. शोधायचं ते लाल. मोजायच्या रेघा दोन. एक माझी, एक तुयाराची.

५ एप्रिल
तुयारा कॉलेजात माझ्याच वर्गात होती. तिथेही पहिली तीच. तिच्या रेघेखाली भला मोठा लाल डाग निघाला. माझं चित्र नुसतं निळं. आमचे प्रमुख अफानासी काका सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरीच्या हाताला गुण आहे!" माझ्या चित्रावर त्यांनी मासा चिरायला घेतला.

९ एप्रिल
डाग वर सरकलाय. जमीन इतक्या झपाट्यानं वितळत नाही. तुयारा हळूच म्हणाली, "सायिना, मी थांबले की तोही थांबतो गं."
मी म्हटलं, "वा! आता समुद्रसुद्धा तुझ्याच मागे?"
ती हसली नाही. भोकात ती समुद्रासाठी घावनाचा पहिला तुकडा टाकते. तो बुडत नाही, खालून ओढला जातो. मी पाहिलं. माझ्या भोकात मीही टाकला. माझा तरंगतच राहिला. कुणालाच नको होता.

१२ एप्रिल
तिच्या रेघेवर बर्फाची जाडी तपासायला मला पाठवलं होतं. बर्फ खालून पोखरलाय, पापडासारखा. परत आले तर तुयारा केबल घेऊन तयार. बर्फ कसा आहे, विचारलं तिनं.
"घट्ट आहे," मी म्हटलं. "जा की. वाट बघत असेल तुझी."

१३ एप्रिल
तुयारा सापडली नाही. नुसतं गोल भोक. कडा चाटल्यासारख्या गुळगुळीत. काका रडले. मीही — खरंच रडले.

१५ एप्रिल
माझ्या रेघेखाली लाल! मोठा डाग, आणि त्याला चिकटून एक लहान. लांबट. माणसाएवढा. काकांनी पाठ थोपटली. "तुयारालाही असं जमलं नसतं." किती वर्षं हे ऐकायचं होतं मला. आता ऐकवत नाही.

१६ एप्रिल
काकांना सांगायला हवं, त्या बर्फाचं. तोंडाशी आलं होतं — पण काका माझं चित्र भिंतीवर लावत होते. नाही सांगितलं.

१७ एप्रिल
आज बर्फावर गेलेच नाही. घराभोवती केबल टाकली. ही जमीन आहे, समुद्र नाही — तरी पडद्यावर घराच्या फळ्यांखाली लाल. लहान डाग. खिडकीशी गेले, तो खिडकीशी. चुलीशी — तिथेही. पायमोजे ओले झालेत. ऊन पाणी.

पण इथे एकटा लहानच आहे. मग मोठा —

काका माझ्या रेघेवर गेलेत. खिडकीतून दिसतायत. हात हलवतायत, हसतायत. ओरडायला हवं. दारापर्यंत — पाय उचलत नाहीत, घोट्याला काहीतरी — काका, मागे फिरा, बर्फ —