कॅमेऱ्याचे सेल आणि लातूरच्या दुकानातला फोटो

उमरी, सोमवार

ती. सौ. सरस्वती आक्का हिस, धाकट्या वैजनाथचा दोन्ही हात जोडून शरणार्थ. दाजींनाही सांग. तुझा गुडघा आता कसा आहे? किल्लारीच्या थंडीत तो बोलायला लागतो हे ठाऊक आहे, म्हणून उज्वलानं करडीचं तेल वेगळं काढून ठेवलंय. आम्ही इकडं बरे आहोत. मला रिटायर होऊन पाच महिने झाले तरी पहाटे साडेचारला जाग येते आणि हात आपोआप खांद्यावर पिशवीचा पट्टा शोधतो. उज्वला म्हणते, "झोपा की, गाडी गेली तुमची." हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "बरं, ठेव आता" म्हणतेस, आणि मला लई लांबचं सांगायचंय.

तर झालं असं. छत्तीस वर्षं ज्या स्टँडांवर मी "चला, पुढं सरका" करत उभा राहिलो, त्या सगळ्यांचे फोटो काढावेत असं मनात आलं. (उज्वला म्हणाली, माणसं ताजमहालाचे काढतात. मी म्हणालो, ताजमहालानं मला कधी चहा पाजला नाही.) घरात शिवांगीच्या दहावीच्या वेळी नांदेडला घेतलेला कॅमेरा होताच. मोबाईलचं म्हणशील तर माझ्याकडं बटणांचाच आहे, आणि मला त्याच्यावर राग नाही. कॅमेऱ्याला पेन्सिलीएवढे दोन सेल लागतात. किराणा दुकानातून भिंतीवरच्या घड्याळाचे आणले. उमरीच्या स्टँडपुढं उभं राहून बटण दाबलं, कॅमेऱ्याचं नळकांडं पुढं आलं, "उम" एवढी पाटी निघाली आणि कॅमेऱ्यानं जीव सोडला. नळकांडं आत जाईना. भर स्टँडवर तो जीभ बाहेर काढून माझ्या हातात, आणि जुने ड्रायव्हर बघून राहिले!

घरी येऊन मी ते सेल पत्र्यावर उन्हात ठेवले. हसू नकोस, हे तूच शिकवलंस. आप्पांच्या रेडिओचे मोठे चार सेल तू माळवदावर ओळीनं मांडायचीस, मला राखणीला बसवायचीस आणि कावळा आला तर हाणायला हातात चिपाड द्यायचीस. संध्याकाळी ते सेल घातले की रेडिओ बातम्या संपेपर्यंत कसाबसा चालायचा, आणि हवामान सांगायच्या वेळी घोगरा होऊन झोपायचा. आपल्याला पाऊस कधी येणार हे त्यामुळं कधीच कळलं नाही. आप्पा जाऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. आई कितीही काम असलं तरी तो रेडिओ बंद करू द्यायची नाही. असो. माझे सेल उन्हात नुसते तापले.

मग कुणी तरी सांगितलं, पुन्हा पुन्हा भरायचे सेल मिळतात, ते घे. नांदेडला गेलो. दुकानदारानं विचारलं, किती पॉवरचे? मी म्हणालो, सगळ्यात जास्तीचे. त्यानं चार हजार सातशे लिहिलेले दिले, वर एका तासात भरणारा चार्जरही. घरी आणले तर उज्वलानं तळहातावर तोलले आणि विचारलं, "हे सेल हायेत का मुरमुरे?" चार्जरचा हिरवा दिवा तर इतका गुणी, की आत सेल नसला तरी "भरलं, भरलं" म्हणून लागायचा. तासाभरात सेल एवढे तापले की उज्वलानं फडक्यानं धरून काढले. भोकरच्या स्टँडवर तीन फोटो निघाले, त्यातले दोन माझ्या बोटाचे.

शेवटी लातूर गाठलं. माझ्या नांदेड–लातूर गाडीतून एका जुन्या रेडिओ दुकानाची पाटी मी वर्षानुवर्षं बघायचो. गाडी तिथं वळायची, मी घंटी मारायचो, दुकान मागं पडायचं. आत पाय ठेवायला रिटायर व्हावं लागलं. गल्ल्याशी गुरुपादप्पा म्हणून साठीचे गृहस्थ, आणि सगळा कारभार त्यांच्या सुनेच्या, सिंधुच्या हातात. तिनं माझे सेल नुसते उचलले आणि हसली. म्हणाली, "काका, आकडा छापायला काय लागतंय? खऱ्या सेलवर दोन हजारच असतं, पण तेवढं भरतंय, अन् महिनाभर ठेवलं तरी उतरत न्हाई." चार्जर असा घ्यायचा की ज्यात प्रत्येक सेलचा दिवा वेगळा, जो भरला तो थांबेल, दुसरा भरत राहील. घाईचा चार्जर सेल भाजून काढतो. जुना सेल नव्याच्या जोडीला घालायचा नाही, नव्याचं मातेरं होतं. (हे ऐकून मला डेपोतले काही जोडीदार आठवले.) तिनं दोन सेल दिले आणि म्हणाली, हे वर्षभर दुकानात पडलेत, एकदा पुरते भरूनच न्या, चार तास लागतील.

मी बाकावर बसलो. सेलचे दिवे बघून झाले, रस्ता बघून झाला, मग भिंत बघितली. आक्का, भिंतीवर एक काळापांढरा फोटो होता. दुकानाच्या उद्घाटनाचा. मधे टेबल, टेबलावर रेडिओ, त्याला हार घातलेला आणि मागं पाच माणसं उभी. मी सहज विचारलं. गुरुपादप्पांनी स्टूल घेऊन फोटो उतरवला आणि मागची बाजू दाखवली. तिथं त्यांच्या वडिलांच्या अक्षरात शाईनं लिहिलेलं होतं: पहिलं गिऱ्हाईक, शिवप्पा, किल्लारी. साल एकोणसत्तर.

मी उठून उभा राहिलो. का उभा राहिलो ते कळलं नाही. आपल्या घरात आप्पांचा एकच फोटो होता आणि तो भूकंपात भिंतीखाली गेला. त्यानंतर तीस वर्षांत आपण दोघांनी त्यावर एक शब्द काढलेला नाही. आणि ते इथं, मी रोज घंटी मारून पुढं जायचो त्या वळणावर, अंगात धुतलेला सदरा घालून उभे! मी लगेच ओळखलं. गुरुपादप्पांना म्हणालो, हे माझे वडील. ते म्हणाले, "मी तवा सात वर्षांचा. नाव तेवढं आठवतंय, बाबा लई घ्यायचे. किल्लारीचा माणूस रेडिओ डोक्यावर घेऊन एस्टीत बसला म्हणायचे, मांडीवर ठेवंना." मग त्यांनी मला पाणी दिलं.

सिंधु म्हणाली, "काका, मोबाईलवर काढते की, दोन सेकंदाचं काम हाय." मी न्हाई म्हणालो. आप्पांचा फोटो आपण काढणार, आणि आपल्या कॅमेऱ्यानं. राहिलेले तीन तास मी त्या दोन दिव्यांकडं बघत बसलो, आणि गुरुपादप्पाही दुकान सोडून माझ्याशेजारी बाकावर बसले. पहिला दिवा गेला, मग दुसरा. सेल घातले, नळकांडं झटक्यात बाहेर आलं. मी सतरा फोटो काढले. तरी सेल दमले नाहीत. अजूनही चालतात. येताना लोहा आणि अहमदपूरचे स्टँडही काढले. जीव सांभाळ, गुडघ्यावर जोर देऊ नकोस, दाजींना तंबाखू कमी करायला माझ्या नावानं सांग.

तुझा धाकटा,
वैजनाथ

ता.क. सतराच्या सतरा फोटोंत काचेवर कॅमेऱ्याचा उजेड पडून पांढरा गोळा आलाय. सोबत पाठवलेला फोटो सिंधुनं माझ्या पाठीमागून, मला न विचारता, मोबाईलवर काढला होता. दोन प्रती धुऊन तिनंच पोस्टानं धाडल्या.

ता.क. दुसरा. दोन्ही प्रती तुला पाठवून राहिलो, त्याचं कारण असं. वर मी लगेच ओळखलं म्हणून लिहिलंय, ते खरं नाही. आप्पा गेले तेव्हा मी चार वर्षांचा. घरातला फोटो मी नंतर बघितला होता, पण तीस वर्षांत तोही पुसला. त्या दुकानात मी पाचही जणांकडं आळीपाळीनं आप्पा म्हणून बघितलं, आणि पाचही जण मला खरे वाटले. तू तेव्हा तेरा वर्षांची होतीस. एक प्रत तू ठेव. दुसरीवर आप्पांच्या डोक्यावर पेन्सिलनं बारीक टिंब करून मला परत पाठव. पेननं करू नकोस, उमटतं. घाई नाही. (आहे.) आणि उज्वलाला यातलं काही बोलू नकोस, तिला मी मिशीवाले दाखवून बसलोय, आणि तिनं त्यांच्या पाया पडून घेतलंय.